पार्किंगखालच्या ओढ्याची ओटी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींइतकं आमचं हे रायस्वाइक गाव खुद्द डच माणसांनाही ठाऊक नसेल. अडचण एवढीच, की त्यांना ठाऊक असलेलं रायस्वाइक कधीच जमिनीखाली गेलंय. नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या मित्राच्या, नोकरीपायी त्या पुण्याहून इथे आल्या. बाकीच्या बायका दुकानात बोलण्यापुरतं डच शिकत होत्या, तेव्हा या लायडनच्या ग्रंथालयात बसून इंग्लंडच्या अँग्लो-सॅक्सन राजांची दानपत्रं वाचत होत्या. जमीन देताना ते राजे चतुःसीमा लिहून देत: वाकड्या झाडापासून ओढ्यापर्यंत, ओढ्याच्या कडेनं पुलापर्यंत. "आपल्या सातबाऱ्याला ही गोडी नाही हो भाऊजी!" वहिनी म्हणायच्या. मग राहत्या गावाकडेही त्या त्याच नजरेनं बघू लागल्या. ओढे बुजतात, पण गल्ल्यांच्या नावांत टिकून राहतात, हा त्यांचा सिद्धान्त. गल्लीची पाटी दिसली की त्यांची सायकल थांबायची आणि मागच्या डच सायकलस्वारांनी केलेला उद्धार ऐकून घ्यायला आम्ही. एका संक्रांतीला तर त्यांनी वाण म्हणून जुन्या नकाशाच्या झेरॉक्स लुटल्या. बायकांनी तिळगुळासकट त्या निमूट घेतल्या.

आमच्या सुपरमार्केटमागच्या गल्लीच्या नावात पूल आहे आणि पाण्याचा थेंब नाही. वहिनींनी ओढ्याची दोन्ही टोकं शोधली. मधला तुकडा मात्र पार्किंगखाली गडप. तो सापडायच्या आतच मित्राची पुण्याला बदली झाली. "अगं, ओढा राहू दे, आधी पासपोर्ट शोध," तो बिचारा बॅगांमध्ये बसून ओरडत होता. निघायच्या दिवशी वहिनी खण, नारळ, तांदूळ घेऊन पार्किंगमध्ये गेल्या आणि ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी डांबरावर त्यांनी ओढ्याची ओटी भरली. "परक्या मुलखातलं पाणी ओलांडलं की ओटी भरायची, आई सांगायची. मी इतकी वर्षं दूध आणायला याच्यावरून गेले आणि मला पत्ताच नाही." ट्रॉल्या लावणाऱ्या मुलीनं विचारलं, काही हरवलंय का? वहिनी म्हणाल्या, "हो, ओढा." तिनं सहानुभूतीनं शेजारच्या गाडीखाली वाकून पाहिलं. परतताना मात्र वहिनींचा चेहरा उतरला. "भाऊजी, चुकले असेन तर? मग नुसत्या डांबराचीच ओटी भरली म्हणायची."

त्या गेल्यावर खालचा मजला फारच गप्प झाला. मग परवा ड्रेनेजसाठी पार्किंग खणलं. दूध घेऊन येताना खड्ड्यात डोकावलो, तर काळ्या चिखलात जाडजूड लाकडी खांब, दोन ओळींत उभे. ट्रॉल्यांच्या अगदी शेजारी. खोदणारा माणूस म्हणाला, जुना पूल दिसतोय. मी तिथूनच वहिनींना फोटो पाठवला. एरवी त्यांचं उत्तर म्हणजे व्याख्यान. या वेळी एवढंच आलं:

"पोचली हो भाऊजी ओटी."

दुधाची पिशवी हातात धरून मी तिथेच उभा राहिलो. वहिनींची इतकी आठवण कधी आली नव्हती.