धुरांड्यामागचा माड

"अहो, माड हलायला लागला!" सावंतकाकू गच्चीवरून अशा ओरडल्या, की खाडीतल्या निम्म्या होड्या घाबरून किनाऱ्याला लागल्या असतील. वारा तर कणभर नव्हता.

आमच्या गॅसच्या वीजकेंद्राला धूर म्हणून नाही. ते चालू झालं की धुरांड्याच्या तोंडाशी नुसती हवा थरथरते, आणि मागच्या टेकडीवरचा माड पाण्यात दिसावा तसा डुलतो. दोन वर्षं गॅस मिळाला नाही, तेव्हा माड चित्रातल्यासारखा उभा होता. तेवढा काळ सावंतकाकांचं काम एकच, झोपलेल्या टर्बाइनचा दांडा रोज थोडा फिरवायचा. एवढा अवजड दांडा एकाच अंगावर पडून राहिला तर स्वतःच्या वजनानं वाकतो, आणि मग यंत्र कायमचं गेलं. काका आजाऱ्यासारखी त्याची कूस बदलायचे. ते त्याला अंगाई म्हणतात आणि तो जांभई देतो, हे मी गावभर सांगितलेलं.

शनिवारी काका निवृत्त होणार होते. आज गॅस आला, ऊन उतरलं, सौर पॅनेल थंडावले, साऱ्या राज्यानं एकदम दिवे लावले आणि केंद्राला हाक आली. सकाळची पाळी करून घरी आलेले काका गच्चीत येऊन काकूंच्या आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

माड डुलत होता. त्याच्याबरोबर टेकडी, चांदणी, सगळं गावच हळूहळू कूस बदलतंय असं मला वाटलं. दूर कुठंतरी दिव्याचं बटण दाबणाऱ्याला टर्बाइनच्या या दोन वर्षांच्या झोपेची गंधवार्ताही नसेल.

"काका, कसं वाटतंय?" मी विचारलं.

काका माडाकडे बघतच म्हणाले, "दांडा वाकला नाही."