आईचा हिरवा फ्लॉवर

आमच्या शेतात हिरवा फ्लॉवर पहिल्यांदा आला, तेव्हा तो पांढरा व्हायची वाट बघत आम्ही तीन आठवडे घालवले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी आठवीत होते. भिवंडीहून वज्रेश्वरीला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. बाबा नारपोलीला कापडाच्या लूमवर कामाला होते, कधी दिवसाची शिफ्ट, कधी रातपाळी. त्यामुळे शेत आईचंच होतं म्हणायला हरकत नाही. पावसाळ्यात भात, आणि भात कापून झालं की विहिरीच्या पाण्यावर वाल, वांगी, काकडी. सातबारा बाबांच्या नावावर होता, पण कुठल्या वाफ्यात काय लावलंय हे बाबांना आईला विचारावं लागे.

बाबांचे शेठ भिवंडीतले जुने कोकणी मुसलमान. त्यांच्याशी आमचा घरोबा होता. आमचे वाल त्यांच्याकडे जात, ईदला शिरखुर्मा आमच्याकडे येई. त्यांचा भाचा मुंबईत एका मोठ्या हॉटेलात आचारी होता. त्याला तिथे एक परदेशी भाजी लागायची आणि ती कधी मिळायची, कधी नाही. त्याने कुठून तरी बियांची दोन पाकिटं मिळवली आणि मामाला गळ घातली. शेठ बाबांना म्हणाले, "तुझ्या घरवालीच्या हाताला गुण हाय. तिला सांग, लावून बघ. हिरवा फ्लॉवर हाय म्हणावं."

बाबांनी निरोप दिला. फ्लॉवर आम्ही कधी लावला नव्हता, बाजारातलाच बघितला होता. आई म्हणाली, "फ्लॉवर आधी हिरवाच असतो ना? मग?"

बाबांनी पाकीट माझ्याकडे दिलं. पाकिटावर इंग्रजी होतं. मला अक्षरं जुळवता आली, अर्थ लागला नाही. पाकिटावरच्या चित्रात हिरवा गड्डा होता. आई म्हणाली, चित्र काढणाऱ्याने लवकर काढलं असेल.

रोपं चांगली झाली. आईने ती दोन वाफ्यांत लावली, शेणखत घातलं, सकाळी पानं उलटून अळ्या वेचल्या. जानेवारीत मधोमध गड्डे धरले. गर्द हिरवे, दाणेदार. आई रोज जाऊन बघे आणि येऊन सांगे, "अजून कच्चाय." मग गड्डे सैल झाले, आणि एका आठवड्यात दोन्ही वाफे पिवळ्या फुलांनी भरून गेले. मोहरी फुलावी तसे. मधमाश्या घोंगावत होत्या. गावातल्या बायका बघायला आल्या आणि फुलांचं काय करतात ते विचारू लागल्या.

त्याच रविवारी शेठांचा भाचा टेम्पो घेऊन आला. तो बांधावर उभा राहिला, कपाळावर हात मारला आणि जोरात हसला. "भाभी, ये तो पूरा फूल गया! हिरवा होता तेव्हाच कापायचा होता!"

आई हसली नाही. "तुमी बोलला न्हाय," एवढंच म्हणाली. मला वाटलं, आता ही पुन्हा या भाजीचं नाव काढणार नाही. पण घरी आल्यावर तिने पदराच्या गाठीतून उरलेलं बी काढलं आणि डब्यात ठेवून दिलं.

पुढच्या वर्षी तिने चार वाफे लावले आणि गड्डे घट्ट असतानाच कापले. भाच्याने एक गड्डा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, असा मुंबईत बघितला नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षी तिने हॉटेलवाल्यांचा कुरळा पालाही लावला. आम्ही तो एकदा भाजी करून खाल्ला. कडू लागला. हॉटेलात तो कच्चाच खातात हे कळल्यावर आईने एक पान तोडून कच्चं चावून बघितलं. मग म्हणाली, "त्यांना चूल पेटवाला कोण न्हाय का?"

त्या तीन-चार वर्षांत आईला गावात लोक 'हॉटेलवाली' म्हणू लागले. तिला आवडत होतं की नाही, सांगता येत नाही. कुणी तशी हाक मारली की ती ओ देत असे, पण मागे वळून बघत नसे.

मग लूम मंदीत आले. शेठांनी अर्धे बंद केले, आणि बाबा घरी बसले. घरी बसले म्हणजे शेतावर येऊ लागले. त्यांनी पाट नीट केले, विहिरीवरचं इंजिन दुरुस्त केलं, भाजीच्या पेट्या बांधायला शिकले. कामाला ते वाघ होते. फक्त कुणी बांधावर येऊन विचारलं, की बाबा सांगत, "हा आमी असा लावतो. हा आमी तवा कापतो." आई तिथेच वाकून तण काढत असे. बाबांच्या बोलण्यात तिला काही खटकल्याचं मला कधी दिसलं नाही. दिसायला हवं होतं का, तेही मला कळत नाही.

मी बारावीत असताना तालुक्याला भाजीपाल्याचं प्रदर्शन भरलं. शेठांच्या भाच्यानेच अर्ज आणून दिला आणि सांगितलं, ही भाजी दुसऱ्या कुणाकडे नाही, बक्षीस तुमचंच. अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं. ओटीवर बसून मी एकेक रकाना मोठ्याने वाचत होते. आई वाल सोलत होती. बाबा घरात नव्हते.

"शेतकऱ्याचे नाव," मी वाचलं आणि थांबले.

आईने वर बघितलं नाही. "लिव ना. काय थांबलीस?"

"कुणाचं लिहू?"

"कुणाचा म्हंजे? जमीन कुणाची हाय?"

मी बाबांचं नाव लिहिलं. पुढचे रकाने भरले. आईने अंगठ्याने वालाचं साल काढत विचारलं, "लिवलास?" मी हो म्हटलं. ती "बरा झाला" म्हणाली. हे दोन शब्द मी नंतर किती प्रकारे म्हणून बघितले असतील. रागाने म्हणून बघितले, सुटल्यासारखे म्हणून बघितले. तिने ते कसे म्हटले होते तेवढं मात्र आठवत नाही.

पहिलं बक्षीस मिळालं. बाबांना नारळ, शाल आणि चौकटीतलं प्रशस्तिपत्र. एक फोटो काढला गेला. त्यात बाबा गड्डा धरून उभे आहेत, शेजारी पाहुणे आहेत, आणि टोकाला आई आहे, अर्धी. फोटोवाल्याने तिला "जरा बाजूला व्हा काकी" म्हटलं होतं. ते मी स्वतः ऐकलं. तो नारळ आईने दुसऱ्या दिवशी फोडून कालवणाच्या वाटपात घातला, आणि प्रशस्तिपत्र तिनेच खिळा ठोकून भिंतीवर लावलं. सरळ लागलंय का, म्हणून मला लांबून बघायला सांगितलं.

पुढच्या दिवाळीनंतर रोपं टाकायची वेळ आली, तेव्हा तिने चारही वाफ्यांत वाल पेरला.

बाबांनी विचारलं. ती म्हणाली, माती थकली, मुळं सडतात. भाचा आला, त्याला म्हणाली, आता उन्हं वाढली, गड्डा घट्ट धरत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "गुडघे दुखतात गो." हे तिन्ही खरं असू शकत होतं. मुळं थोडी सडली होती. उन्हंही होती. गुडघे तर दुखतच होते, त्यासाठी ती दर मंगळवारी वज्रेश्वरीला जाऊ लागली. देवीचं दर्शन आणि कुंडाच्या गरम पाण्यात पाय. सकाळच्या एसटीने जाई, दुपार उलटल्यावर येई.

मला मात्र अर्ज सोडून दुसरं काही सुचेना. वाटे, मी तिथे तिचं नाव घातलं असतं तर? मग वाटे, ती तर स्वतःच सांगत होती. मग वाटे, सांगत होती की मला विचारत होती? कॉलेजात भिवंडीला जाताना बसमध्ये मी हेच करत बसे. आईला विचारायला तोंड उघडे, आणि दुसरंच काहीतरी विचारून मोकळी होई. पाणी तापलं का, चटणी कुठाय.

दुसऱ्या हिवाळ्यात एका मंगळवारी काल्हेरची आत्या अचानक येणार असल्याचा निरोप आला. आईला लवकर बोलवायला मी वज्रेश्वरीला गेले. देवळात ती नव्हती. कुंडांवर नव्हती. फुलं विकणाऱ्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "ती होय? ती कवाच इथं थांबत न्हाय. बहिणीच्या शेतावर जाते ना."

माझी मावशी तिथून चालत अर्ध्या तासावर, नदीच्या काठी एका पाड्यावर राहायची. विधवा होती, मूलबाळ नव्हतं. मी गेले. मावशीच्या झोपडीमागे, नदीकडे उतरत जाणाऱ्या तुकड्यात हिरव्या फ्लॉवरचे सहा वाफे होते. आमच्याकडे होते त्यापेक्षा चांगले. आई आणि मावशी पेट्या भरत होत्या. आईने मला बघितलं, जराही दचकली नाही. "आलीस? धर ही पेटी," म्हणाली.

मी पेटी धरली. मग विचारलं, "आये, हे काय? आपल्याकडे का नाही लावलास?"

"हिला एकटीला जमत न्हाय," तिने मावशीकडे हनुवटी केली.

मावशी म्हणाली, "मला कवा न्हाय जमलं? हीच आली बी घेऊन."

दोघी हसल्या. मीही हसले, पण मला रडू येत होतं, आणि कशाचं ते कळत नव्हतं. आई आम्हाला सोडून इथे आल्यासारखं वाटत होतं, आणि ती तर रोज घरीच जेवत होती.

सर्वांत जास्त भीती मला बाबांची वाटत होती. त्यांना कळलं तर? दोन दिवसांनी बाबा अंगणात दोर वळत असताना न राहवून हळूच सांगितलं. बाबांनी दोर खाली ठेवला.

"मग एसटीच्या टपावरून भिवंडीत पेट्या कोण उतरवतो?" ते म्हणाले. "तुला काय वाटलं, देवी उतरवते?"

म्हणजे बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दर मंगळवारी ते स्टँडवर उभे राहत, पेट्या उतरवून भाच्याच्या टेम्पोत टाकत. शेठांना माहीत होतं, भाच्याला माहीत होतं. घरात फक्त मलाच कुणी सांगितलं नव्हतं.

"पण तिने इथलं का बंद केलं?" मी विचारलं.

बाबांनी दोर पुन्हा उचलला. "तिकडं लावाचा म्हणाली," ते म्हणाले. "मी विचारला न्हाय."

लग्न झाल्यावर, पहिल्या माहेरपणाला मी धीर करून आईला अर्जाबद्दल विचारलंच. ती म्हणाली, "कुठला अर्ज?" मी प्रशस्तिपत्राकडे बोट दाखवलं. "त्याचा काय?" ती म्हणाली, आणि खरंच वाट बघत राहिली, मी पुढे काय बोलते त्याची. मी विचारलं, पाणी तापलं का.

मावशीच्या शेतात ती भाजी आणखी पाच-सहा वर्षं चालली. मग भाचा आखातात गेला. त्या हॉटेलाला दुसरीकडून माल येऊ लागला. कळल्यावर मी मुद्दाम मावशीकडे गेले. एवढ्या वर्षांचं काम गेलं, दोघी खचल्या असतील, काय बोलायचं ते मी बसमध्ये ठरवत होते. जाऊन बघते तर दोघी आळी करून काकडीचं बी टोकत होत्या आणि भांडत होत्या. आई म्हणत होती दोन बोटं खोल, मावशी म्हणत होती एक. कुणीच ऐकत नव्हतं. शेवटी दोघींनी माझ्याकडे बघितलं.

"सांग गो, किती खोल?" आई म्हणाली.

मला माहीत नव्हतं. मी चप्पल काढून वाफ्यात उतरले.