पेन्सिलची हजेरी

आमच्या शाळेच्या पाटीवर 'पर्यायी शिक्षण केंद्र' असं लिहिलंय, पण ते कोणी वाचत नाही. आजूबाजूचे लोक तिला उनाडांची शाळा म्हणतात. कोणालाही असं विचारा, तो बरोबर दारात आणून सोडेल. खाली टायरचं गोडाऊन, वर तीन वर्ग, आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये माझी कार्यशाळा. मी मोटरसायकल दुरुस्ती शिकवतो. पोरं मला मेस्त्री म्हणतात. माझं तोंड फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवतो, नंतर तक्रार नको.

इथे येणारी मुलं म्हणजे बाकीच्या शाळांनी हात टेकलेली. कोणी मारामारी केलेली, कोणी वर्षभर वर्गाबाहेरच राहिलेली, कोणाचे आईबापच धड नाहीत. तेरा ते सतरा वयाची. जागा फक्त चाळीस आणि बाहेर थांबलेल्यांची यादी शंभराची. ही यादी ज्यांच्या कपाटात असायची त्या आमच्या हजेरीबाई. मला खरं त्यांच्याबद्दलच सांगायचंय. माझ्याबद्दल सांगण्यासारखं जे आहे ते शेवटी येईलच, कितीही टाळलं तरी.

हजेरीबाई कारकून होत्या. शिकवायच्या नाहीत, पण सकाळी साडेसात वाजता फोन घेऊन बसायच्या आणि एकेका पोराला उठवायच्या. "ऊठ रे बाबा, तोंड धू, तुझ्यावाचून शाळा अडलीय." दुसऱ्याला, "काल दांडी मारलीस ती मारलीस, आज आला नाहीस तर मी घरी येऊन अंथरुणातून ओढून आणीन." आवाज असा की फोनची गरजच नव्हती. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, पायाला सतत सूज, म्हणून टेबलाखाली एक पाट ठेवलेला. पोरं त्यांची नक्कल करायची आणि त्यांनाच करून दाखवायची. बाई हसता हसता डोळे पुसायच्या आणि मग म्हणायच्या, चला, वर्गात पळा.

आमच्या शाळेवर देखरेख करणाऱ्या वरच्या ऑफिसचा एक नियम होता. मूल सलग तीन दिवस आलं नाही तर ऑफिसचा माणूस घरी जाऊन भेट देणार. सलग सहा दिवस झाले की नाव कापायचं आणि यादीतल्या पुढच्याला बोलवायचं. कागदावर छान नियम आहे. वर बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना सगळं कागदावरच छान दिसतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका मुलाला कावीळ झाली. तिसऱ्या दिवशी ऑफिसचा माणूस त्याच्या घरी गेला. घरातले सगळे दवाखान्यात. त्याने कागदावर 'घर बंद' एवढं लिहिलं आणि गेला. सातव्या दिवशी नाव कापलं. पोरगं तीन आठवड्यांनी पिवळ्या डोळ्यांनी शाळेत आलं, तर त्याच्या बाकावर दुसराच. जिना उतरून गेलं. बाईंनी त्याला परत घ्यावं म्हणून सहा अर्ज केले आणि सहाही अर्जांना तेच छापील उत्तर आलं. पुढे तो मुलगा कुठे गेला ते कोणालाच कळलं नाही.

तेव्हापासून बाई पेन्सिल वापरायला लागल्या. मूल आलं नाही तर त्याच्या चौकोनात पेन्सिलने हजर लावायच्या. मूल परत आलं की त्यावर पेन फिरवायच्या. रोज चार वाजता पानाचा फोटो ऑफिसला जायचा, त्यात पेन काय आणि पेन्सिल काय, सगळं सारखंच. आणि गैरहजर पोरांचा पाठपुरावा त्या स्वतः करायच्या. फोन करायच्या, नाहीतर सुजलेले पाय घेऊन घरी जाऊन धडकायच्या. ऑफिसच्या माणसापेक्षा हे शंभर पटींनी बरं, असं आम्ही सगळेच म्हणायचो. वर्षभरात नऊ पोरं त्या पेन्सिलीने वाचवली. मी मोजलेली आहेत.

आता कार्यशाळेची वही माझ्याकडे. ऑफिस कधीतरी दोन्ही वह्या ताडून बघायचं. म्हणून बाई डबा खाताना हळूच म्हणायच्या, "मेस्त्री, तेवढं जुळवून घ्या." मी जुळवायचो. नुसतं हजर लावून भागत नाही, माझ्या वहीत त्या दिवशी काय काम केलं तेही लिहावं लागतं. मग लिहायचो. चेन घट्ट केली. प्लग बदलला. काय फरक पडतो?

मागच्या वर्षी एक मुलगी आली. पंधरा वर्षांची. आईबाप नाहीत, मामाकडे राहायची. आधीच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंवर डस्टर फेकला म्हणून काढलेली. आमच्याकडे आली आणि पहिला महिना तोंडातून अक्षर नाही. पोरांनी लगेच नाव ठेवलं, सायलेन्सर. माझ्या शेडमध्ये मुली फारशा येत नाहीत, पण ही आपणहून आली, कोपऱ्यात बसून बघायची. एके दिवशी मी एका गाडीपुढे डोकं धरून बसलो होतो, ती उठली, कार्बुरेटरचा जेट काढला, त्यातला कचरा फुंकून उडवला, परत बसवला. गाडी पहिल्या किकला चालू. मी म्हटलं, "हे कुठे शिकलीस?" ती म्हणाली, "तुम्ही परवा केलंत ना." तिचं माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला दोनदा ही गोष्ट सांगितली.

बाईंचा तर तिच्यावर जीवच जडला. तिला साडेसातला फोन करावा लागायचा नाही, ती सातलाच दारात असायची आणि बाईंची खुर्ची पुसून ठेवायची. मामाबद्दल विचारलं की गप्प. एकदा एवढंच म्हणाली की मामी म्हणते, आता खूप शिकलीस, हाताला काम बघ. बाईंनी मामाला शाळेत बोलावून घेतलं आणि असा झाडला की गोडाऊनमधले हमाल जिन्यात येऊन ऐकत उभे. मामा मान खाली घालून हो हो म्हणत राहिला. फार गोड माणूस. मला तेव्हाच आवडला नव्हता.

एका सोमवारी सायलेन्सर आली नाही. बाईंनी फोन केला. मामा म्हणाला, ताप आहे. मंगळवारीही ताप. बुधवारी म्हणाला, उतरतोय, झोपलीय, उठवू का? बाई म्हणाल्या, नको, झोपू द्या. त्या आठवड्यात बाईंचे पाय फारच सुजले होते, डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं होतं. नाहीतर त्या बुधवारीच गेल्या असत्या, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. शनिवारपर्यंत पेन्सिलचे सहा चौकोन झाले. माझ्या वहीतही सहा. एका दिवशी मी काय लिहिलं माहितीय? कार्बुरेटर साफ केला, उत्तम. तिचंच कौतुक म्हणून लिहिलं, म्हटलं आली की दाखवीन.

पुढच्या सोमवारी मामाचा फोन बंद, तरी बाईंनी पेन्सिलने सातवा चौकोन भरला आणि मीही माझ्या वहीत जुळवला. मंगळवारी सकाळीही बंद. बाईंनी पायाला पट्टी गुंडाळली आणि निघाल्या. मीही बरोबर गेलो. घराला कुलूप नव्हतं, मामी दारातच भांडी घासत होती. म्हणाली, शाळेत गेलीय की. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारी एक इस्त्रीवाली होती, ती आम्हाला कोपऱ्यावर गाठून म्हणाली, "कसली शाळा? परवाचा नाही, त्याआधीच्या रविवारीच नेऊन बसस्टँडवर सोडली. बरोबर एक बाई होती, मोठी पर्स घेतलेली. कामाला लावणार म्हणत होते. पोरगी रडत होती हो. माझं नाव सांगू नका."

आम्ही तिथून तडक पोलीस चौकीत. तिथले साहेब तरुण होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी मामाला उचलून आणला. मामा अगदी रडवेला. "साहेब, पोरगी कालपर्यंत शाळेत जात होती. काल शाळेतून घरीच आली नाही. मीच तक्रार द्यायला येणार होतो. शाळेची हजेरी बघा ना." कसं कळलं असेल त्याला? मला वाटतं, बाई रोज ताप कसा आहे विचारायच्या आणि वर म्हणायच्या, काळजी करू नका, नाव कापणार नाही, मी हजर लावतेय. त्यांनीच त्याच्या हातात दिलं होतं ते.

बाई तिथेच उभ्या राहून म्हणाल्या, "ती हजेरी खोटी आहे. मी लावली. मुलगी नऊ दिवसांपूर्वीच, रविवारी गेली." एक क्षणही थांबल्या नाहीत. ऑफिसचे अधिकारीही येऊन पोहोचले होते, त्यांच्यासमोर म्हणाल्या. चष्मा काढून हातात धरला होता, पण आवाज तोच, साडेसातचा.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, साहेब शाळेत आले. हजेरीचा पट घेतला आणि माझी वही घेतली. म्हणाले, बाई म्हणतात खोटी, पण इथे तर रोज काय काम केलं तेही लिहिलंय. बाई मुलीला पाठीशी घालतायत का, मामावर राग आहे का, मला ठरवू द्या. मग माझ्याकडे वळले. "मेस्त्री, हे अक्षर तुमचंच?"

"माझंच."

"मग मुलगी आली होती?"

ऑफिसचे अधिकारी शेजारी उभे होते. सकाळीच त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं होतं की खोटी नोंद करणाऱ्यावर गुन्हा दाखल होणार आणि बाईंना आजपासून घरी बसवलंय. माझा करार पुढच्या महिन्यात संपत होता. माझी पाचावर धारण बसली. एरवी अख्ख्या शाळेला शिव्या घालणारा मी, माझ्या तोंडून निघालं ते असं, "लिहिलंय म्हणजे आली असेल, साहेब."

असेल. एवढंच म्हणालो. त्यांनी मान हलवली, वही पिशवीत टाकली आणि गेले.

बुधवार गेला, गुरुवार गेला. मी शेडमध्ये मूग गिळून बसलो होतो. पोरं विचारत होती, बाई कुठे, सायलेन्सर कुठे, आणि मी त्यांच्यावर खेकसत होतो. एक मुलगा म्हणाला, मेस्त्री, ती तर गेल्या आठवड्यात आलीच नव्हती, तुम्ही पोलिसांना सांगा ना. मी त्याला पाना फेकून मारायचा बाकी ठेवला. शुक्रवारी जेवण गेलं नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती जागेवरून उठून आत गेली.

शनिवारी सकाळी मी चौकीत जाऊन खरं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, लिहून घेतलं, सही घेतली. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "आम्ही बसस्टँडचं सोमवारचं आणि मंगळवारचं चित्रण बघत होतो. तुमच्या वह्यांवरून. दोन दिवस दोन माणसं तेच बघत बसली होती." मी म्हटलं, मग आता त्या आधीच्या रविवारचं बघा. ते म्हणाले, "तिथलं चित्रण बारा दिवस राहतं. नंतर आपोआप पुसलं जातं." आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मीही बघितलं.

मामा अजून म्हणतो, पोरगी पळून गेली. इस्त्रीवाली म्हणते, मी काही बघितलं नाही. ती पर्सवाली बाई कोण, कुठल्या गाडीत बसली, कोणाला ठाऊक नाही. आज सात महिने झाले. माझा करार वाढवला, ताकीद देऊन. शेवटी खरं बोललो म्हणून.

त्याच शनिवारी संध्याकाळी मी बाईंकडे गेलो. दार त्यांच्या मिस्टरांनी उघडलं. बाई पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. वहीचं, असेल म्हणालो त्याचं, चित्रणाचं. मला वाटत होतं त्यांनी मला शिव्या द्याव्यात. त्या आवाजाला मी तयार होऊन गेलो होतो.

बाईंनी ऐकलं. मग त्या बोटांवर मोजायला लागल्या, पोरांची हजेरी मोजायच्या तशाच, ओठ हलवत. त्या रविवारपासून सुरुवात केली आणि एक हात संपला, दुसरा संपला, परत पहिल्याकडे आल्या.

"बारा दिवस म्हणजे शुक्रवारी पुसलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे बुधवारी होतं."

"होतं, बाई."

मिस्टरांनी चहा ठेवू का म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, मेस्त्रींना द्या, मला नको. आणि मी तो चहा घेतला, बसून, संपेपर्यंत.