पडद्यामागचा म्हातारा आणि आम्ही चौघं

मॅच नव्वद मिनिटांत संपते, पण तिच्याबद्दल बोलायला आम्हाला आठवडा पुरत नाही. मग किस्से साचत जातात, स्क्रूच्या डब्यात वायसर साचतात तसे. नांदेडला गजाननच्या हार्डवेअरच्या दुकानात रविवारी सकाळी आम्ही चौघं जमतो. गजानन, शाळेत गणित शिकवणारा मी, इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक देशमुख सर आणि जळकोटहून बसनं येणारा व्यंकट. व्यंकट सोयाबीन पिकवतो आणि फुटबॉलसाठी जीव टाकतो. पण आमचा सगळ्यात लाडका माणूस खेळाडू नाही. तो एका लेखातला म्हातारा आहे.

०

लेख गजाननच्या मुलीनं पुण्याहून मोबाईलवर पाठवला होता. युरोपातल्या एका क्लबच्या कोचला हा म्हातारा गुपचूप सल्ला देतो. समुद्राकाठच्या गावात एकटा राहतो, ग्राउंडवर जात नाही, मुलाखत देत नाही. कोच त्याला फोन करतो, एवढंच.

सर तेव्हा दुकानात येत नव्हते. त्यांची बायको, आमच्या काकू, वारल्यापासून त्यांनी घर सोडलंच नव्हतं. गजानन मोबाईल घेऊन त्यांच्याकडे गेला. म्हणाला, इंग्रजी लई अवघड हाय सर, आम्हाला काही समजून न्हाई राहिलं. पुढच्या रविवारी सर चष्मा पुसत दुकानात हजर!

गजाननला बी.कॉम.ला इंग्रजीत वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. शिकवायला देशमुख सरच होते.

०

सर एकेक परिच्छेद वाचायचे आणि मराठीत सांगायचे. एका वाक्यापाशी गाडी अडली. सर म्हणाले, "त्यांच्या मौनात एक प्रकारची अर्थपूर्णता होती."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सरांनाही ते पटलं नव्हतं. वाक्य तसंच ठेवून ते घरी गेले. पुढच्या रविवारी चहाच्या आधीच म्हणाले, "सापडलं. गडी बोलत नव्हता, पण खोलीला ऐकू येत होतं."

व्यंकटनं मांडीवर थाप मारली. "आता कसं, लिहिणारा आपल्याच गल्लीतला वाटून राहिला."

सर दिवसभर खुशीत होते.

०

दुकानाच्या मागेच गजाननचं घर. चहा घेऊन आलेल्या सुनंदा वहिनी दारात उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "एवढं सगळं लिहिलंय, पण त्या माणसाच्या जेवणाचं काय? त्याला करून कोण घालतं?"

गजानन म्हणाला, फुटबॉलच्या लेखात जेवण कुठून येणार? सर म्हणाले, थांबा, हा लेखक असं सोडणार नाही. ते बोटानं लेख वर सरकवत राहिले आणि एका परिच्छेदाच्या शेवटी थांबले. शेजारची बाई खिडकीत झाकलेली ताटली ठेवते आणि हाक न मारता निघून जाते, असं तिथं होतं. सरांनी ते आम्हाला मराठीत सांगितलं. मग स्वतःसाठी इंग्रजीत परत वाचलं.

"किती कमी शब्दांत लिहिलंय," ते म्हणाले.

वहिनी रिकामे कप उचलून आत गेल्या. त्या संध्याकाळी सरांच्या दाराच्या कडीला डबा अडकवलेला होता. बेल कुणी वाजवली नव्हती.

०

व्यंकटनं गावात पारावर हा लेख सांगितला. एका आजोबांनी विचारलं, म्हातारा कुठला? व्यंकट म्हणाला, समुद्राकडचा. कोकणातला का? व्यंकटनं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, हाव.

आम्ही त्याला झापलं, तर म्हणतो, "युरोप समजावत बसलो असतो तर शेवटची बस गेली असती."

आता जळकोटला कोकणी माणसाला लई मान आहे.

०

गजानन आमच्या गल्लीच्या टीमचा कोच. हदगावला टुर्नामेंट होती. लेख डोक्यात इतका बसला होता की त्यानं व्यंकटला पडद्यामागचा सल्लागार नेमलं. व्यंकट शेतात थांबणार, गजानन फोन करणार.

हाफटाइमच्या थोडं आधी आम्ही दोन गोलनं मागे होतो. गजानननं घाबरून फोन लावला आणि बॉल कुठं चाललाय ते सांगायला लागला. लेखातला म्हातारा बॉलकडे बघतच नाही, हे व्यंकटच्या पक्कं लक्षात होतं.

"बॉल सोड," तो म्हणाला. "बाकीचे काय करून राहिले ते सांग."

गजानननं नीट बघितलं. "दोघं पाणी पिऊन राहिले. एक जण कडेच्या पोरांसोबत सेल्फी काढून राहिला."

"मग माझ्या सल्ल्यानं काय होणार हाय?" म्हणत व्यंकटनं फोन ठेवला आणि फवारणीला गेला.

०

यंदा त्या क्लबची फायनल होती. आपल्याकडे मध्यरात्र उलटून जाते, म्हणून सगळ्यांनी फोन बंद ठेवायचे आणि सकाळी दुकानात रेकॉर्डिंग बघायचं असं ठरलं. शटर अर्धं खाली, चौघं टीव्हीसमोर. शेवटच्या मिनिटाला गोल झाला. क्लब जिंकला, गजाननचा चहा सांडला.

खेळाडूंनी कोचला खांद्यावर घेतलं. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला. सगळे उभे राहून नाचत होते. फक्त अगदी वरच्या पायरीवर टोपी घातलेला एक म्हातारा, कोट हातावर टाकून, बाहेरच्या दाराकडे चालला होता. क्षणभरच दिसला.

"त्योच हाय," व्यंकट हळूच म्हणाला.

लेखात त्याचा फोटो नव्हता. तो ग्राउंडवर जात नाही असंही स्पष्ट लिहिलं होतं. सर आता हेच म्हणणार असं मला वाटलं, पण ते पडद्याकडे बघत राहिले. गजानननं रिमोट उचलला. म्हणाला, मागे घेऊन नीट बघू.

सरांनी त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "घरी चाललाय तो."