सरळ कापलेला केक

क्रीम लावण्याआधी गार झालेल्या केकचा फुगलेला माथा सुरीने सरळ कापला की आतून व्हॅनिलाचा वास येतो, आणि मी जिथे शिकले तो पनवेलचा केकचा क्लास आठवतो. जासई गावाहून येणाऱ्या एक बाई एके दिवशी घरूनच केक भाजून घेऊन आल्या होत्या. "सांजच्याला पोरीचा वाढदिवस हाय, येवडा सरल करून द्या," त्या मला म्हणाल्या, कारण क्लासमध्ये माझाच हात सगळ्यांत सफाईदार होता. मी केकखालचं टर्नटेबल फिरवत दातेरी सुरी चालवली आणि म्हणाले, "अजून वाकडाच आहे." कुणीतरी हसलं, म्हणून मी पुन्हा कापला. "बास ताई, आता सरल हाय," त्या हळूच म्हणाल्या. मी त्यांच्या 'सरल'ची नक्कल केली, सगळ्याजणी खिदळल्या, आणि केक भाकरीएवढा पातळ होईपर्यंत मी थांबले नाही. त्यांनी कापलेले तुकडे गोळा करून डब्यात भरले, "पोरीला चुरा बी चालंल" म्हणाल्या आणि माझे आभार मानून गेल्या. त्या पुन्हा क्लासला आल्या नाहीत. आज खारघरला माझं स्वतःचं केकचं दुकान आहे. तो केक पहिल्याच कापात सरळ झाला होता, आणि हे मला तेव्हाच दिसलं होतं.