टीव्हीखालचे पाच डबे

"वर काय ठेवचा नाय! मेल्या, उचल तो ग्लास! आधी उचल!"

बुवा ओरडले तेव्हा माझा कटिंगचा ग्लास त्या काळ्या डब्याला पुरता टेकलाही नव्हता. आवाज असा की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं आणि कोपऱ्यावरचा ट्रॅफिक हवालदार एकाच वेळी उडाले. कबुतरं परत आली. मी ग्लास उचलला. बुवांनी खांद्यावरच्या पंच्याने डबा पुसला आणि तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यावर तळहात ठेवला.

पडद्याआडून वहिनी म्हणाल्या, "एवढं आहे तर देव्हाऱ्यात बसवा की त्याला. रोज फूल वाहीन मी."

"तू गप गो! ह्यो काय साधो डबो नाय. वरच्या जाळीतून श्वास घेता ह्यो."

असा माणूस तुमच्याही गल्लीत एखादा असेलच. आमचा जोगेश्वरी पूर्वेला होता. त्यांचा कॉम्प्युटरचा गाळा आणि माझा झेरॉक्सचा गाळा यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत. ती इतकी पातळ, की तिकडे वहिनींनी फोडणी टाकली की इकडे माझ्या कॉपीवर कढीपत्ता उमटायचा. निम्म्या जोगेश्वरीच्या आधारकार्डांना तो वास अजून आहे, हुंगून बघा.

खरं नाव कुणी घेत नसे. ते भजनाचे बुवा होते. डबलबारीत समोरच्या बुवाला सवाल टाकून असे गप्प करायचे, की तो थेट पुढच्या गणपतीला बोलायचा. बाकीचे दिवस कॉम्प्युटर जोडायचे. नुसता पंख्याचा आवाज ऐकून सांगायचे, "ह्या मशिनाच्या घरात मांजर आसा." कॅबिनेट उघडलं की मूठभर केस निघायचे. एकदा तर मांजरच निघालं, पण ते पुढे कधी.

त्यांचा एक मंत्र होता. "गिऱ्हाईक बघू नको रे, घर बघ." नवा माणूस कॉम्प्युटर मागायला आला की ते किंमत सांगत नसत, आधी त्याचं घर विचारत. हॉल केवढा? खिडकी कुठल्या बाजूला? झोपतं कोण, कुठे? एकाला वाटलं हे मुलगी दाखवतायत. तो चांगले कपडे घालून परत आला.

आणि दुसरं पालुपद, "होतला." काम होईल, पाऊस थांबेल, सरकार पडेल, सगळ्याला एकच उत्तर. "होतला रे, होतला."

आता डब्याचं सांगतो.

दुकानात गेम खेळणाऱ्या मंडळींची वर्दळ असायची. त्यांच्या घरी जाऊन जाऊन बुवांना एक गोष्ट खटकली. महागाचा कॉम्प्युटर असतो आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. कानावर ते आमटीच्या वाटीएवढे हेडफोन. "घरातली माणसां एकमेकांक पाठमोरी झाली रे," ते म्हणाले. "माझ्या एका गिऱ्हाइकाच्या आईक लेकाची पाठ ओळखता येता, चेहरो आठवूक लागता."

यावर उपाय काय, तर डबा. ताकदीला त्या दिव्यांच्या झगमगत्या कपाटाएवढा, अंगाने भाकरीच्या परातीएवढा. हॉलमध्ये, टीव्हीखाली ठेवायचा, आयता, जोडूनबिडून तयार. सोफ्यावर बसायचं, हातात रिमोटासारखं कंट्रोलर घ्यायचं आणि घरादारासमोर खेळायचं. आवाज शून्य. किंमत मात्र एका चांगल्या स्कूटरची.

"बुवा," मी म्हणालो, "ज्याला यातलं कळतं, तो सुटे भाग आणून स्वतः जोडतो. ज्याला कळत नाही, तो टीव्हीला लावायचा परदेशी खेळाचा डबा निम्म्या किमतीत आणतो. मग तुमचा डबा घेणार कोण?"

"उरलो तो."

"उरलं कोण पण?"

"होतला रे."

त्यांनी एक नाही, पाच बांधले. पाचवा पूर्ण झाला त्या दिवशी वहिनी पडद्याबाहेर आल्या. इथे त्या पडद्याबद्दल सांगायला हवं. गाळ्याचा पुढचा भाग बुवांचा, काचेचं काउंटर, वीस वर्षांची बैठक. मागचा अंधारा तुकडा वहिनींचा. तिथे मालवणी मसाला, कोकम, कुळथाचं पीठ. मसाला हवा असेल तर बाईमाणसाने तीन मॉनिटर ओलांडून, वायरींच्या रानातून वाकून आत जायचं. एक काकू सोमवारी आत गेल्या त्या बुधवारी बाहेर आल्या असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच.

"पैज लावू या," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या गणपतीपर्यंत पाचही गेले, तर मी पुन्हा काउंटरचं नाव काढणार नाही. एक जरी उरला, तरी पुढची बाजू माझी. तुम्ही पडद्याआड."

बुवांनी काउंटरच्या काचेवरून एकदा हात फिरवला. "लागली," म्हणाले. पण आवाज डबलबारीचा नव्हता.

नंतरचे सहा महिने मी जे बघितलं ते कुणी तिकीट लावून दाखवलं नसतं. बुवांनी काउंटरवर टीव्ही टांगला, डबा लावला, समोर बाक टाकलं. बाक रिकामं म्हणून राहिलं नाही. रिक्षावाले मीटर चालू ठेवून खेळायला बसत. पोस्टमनने आमच्या गल्लीतल्या टपालाची वेळ बदलून घेतली. भजनी मंडळ सरावाला आलं ते गाड्यांच्या शर्यतीत अडकलं. पखवाजवाला वळण घेताना स्वतःच असा काही कलायचा की बाकावरून तीनदा पडला. चौथ्यांदा त्याला धरायला म्हणून टाळकरी शेजारी बसले आणि सगळे मिळून पडले.

खेळले सगळे. घेतला कुणी नाही.

अंधेरीहून एक साहेब आले. त्यांचा हॉल असा की एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाला उद्या पोचेल. ते म्हणाले, "छान आहे, पण बेडरूममध्ये ठेवीन." बुवांनी नम्रपणे त्यांना पायऱ्यांपर्यंत पोचवलं. घाटकोपरचे एक शेठ अर्धा तास डबा न्याहाळून विचारते झाले, "इसमें जीएसटी का काम होगा?" आणखी एकाला तो पांढऱ्या रंगात हवा होता, बायकोला पडद्याला मॅचिंग.

"होतला," बुवा म्हणत. पडद्याआडून वहिनींच्या फूटपट्टीचा आवाज येई. पुढच्या भिंतीला किती फळ्या बसतील ते मोजत असाव्यात.

मग एक दिवस त्या बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, इस्त्रीची साडी, हातात कापडी पिशवी. आल्या होत्या माझ्याकडे, पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स काढायला. बाकावरचा गोंधळ पाहून थबकल्या. बुवांना विचारलं, "हे खेळायला बाहेर बसावं लागतं?"

"हॉलमध्ये, बाई. टीव्हीसमोर. दुसरीकडे चालूच नाय शकत," बुवांनी ठोकून दिलं.

"माझी मुलगी अठ्ठावीस वर्षांची आहे. घरूनच ऑफिसचं काम करते. काम संपलं की दार लावून खेळत बसते. दोघीच आहोत घरात आम्ही." त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली. "हॉलमध्ये बसावं लागेल ना तिला? मग द्या."

घासाघीस नाही, काही नाही. बुवांनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. हवालदारालाही दिला.

तिसऱ्या दिवशी फोन आला. बाईंचा आवाज प्लायवूडमधून मलाही ऐकू आला, "बंद पडलं तुमचं! धाप लागल्यासारखं करतं आणि बंद पडतं! ती परत खोलीत जाऊन बसलीय!"

आम्ही दोघे धावलो. बुवांच्या हातात हत्यारांची पेटी, माझ्या हातात बुवांची चप्पल, कारण ती रस्त्यातच सुटली होती. हॉलमध्ये शिरलो आणि पाहिलं. टीव्हीखाली डबा. डब्यावर क्रोशाचा विणलेला रुमाल, घट्ट विणीचा. रुमालावर पितळी हत्तींची जोडी. हत्तींच्या मध्ये बाटलीतला मनी प्लांट. बाटलीला टेकून सत्काराच्या वेळची फ्रेम. बिचारा डबा आत असा तापला होता की मनी प्लांटला सुकलेल्या कोथिंबिरीचा रंग येऊन गेला होता.

बुवांनी छाती भरून घेतली. "वर काय ठेव..."

"अहो, नवी वस्तू," बाई म्हणाल्या, "उघडी कशी ठेवायची घरात?"

बुवांनी पेटी खाली ठेवली. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. फ्रिजवर रुमाल होता. मिक्सरवर झालरीचं झाकण होतं. फोनच्या यंत्राला झगा होता. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये होता आणि ते प्लास्टिक मळू नये म्हणून त्याला रबरबँड होतं. आयुष्यभर लोकांना 'घर बघ' सांगणाऱ्या माणसाने श्वास घ्यायची जाळी डब्याच्या नेमकी डोक्यावर ठेवली होती. मराठी घरात. जिथे सपाट जागा मोकळी दिसली की माणसाला अपराधी वाटतं.

परत येताना चप्पल माझ्याच हातात राहिली. दोन दिवस 'होतला' ऐकू आलं नाही. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. हवालदार दोनदा येऊन विचारून गेला.

तिसऱ्या दिवशी पडद्याआडून वहिनी बाहेर आल्या. हातात मोदकपात्र. त्यातली भोकांची चाळणी त्यांनी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "ह्याची भोकं खाली आहेत. वर झाकण घट्ट. मोदक गुदमरतो का?"

बुवांनी चाळणी उचलून भोकं खालून बघितली. मग असे उठले की खुर्ची माझ्या गाळ्यात आली. चार दिवसांत त्यांनी पाचही डबे खोलले, बाईंचा घरून आणून त्यासकट. पाय उंच केले, हवा तळातून आत, मागून बाहेर. डोकं सपाट, गुळगुळीत, चौरंगासारखं. आणि वहिनींनी मापाबरहुकूम पाच रुमाल विणले, कडेला छोटी आंब्याची नक्षी.

मग बुवांचं ओरडणं बदललं. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक बाईला ते हाका मारू लागले, "वर काय पण ठेवा! फुलदाणी ठेवा, हत्ती ठेवा, गणपती बसवा! रुमाल फ्री!"

आणि मंडळी, डबे जायला लागले. खेळणारे आले नाहीत, त्यांच्या आया आल्या. त्या आधी रुमाल बघत, मग नक्षी कुणाची विचारत, मग वायरींच्या रानातून वाकून आत जात, किलोभर मसाला घेत आणि बाहेर येताना म्हणत, "तो डबा पण बांधा." बाईंच्या घरून निरोप आला की मुलगी आता हॉलमध्ये असते आणि आई शेजारी बसून शर्यतीतल्या गाडीला 'सावकाश, सावकाश' म्हणत असते. त्या पोरीला त्यामुळे एकही शर्यत जिंकता आलेली नाही, पण तक्रार नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी हिशेब असा: चार गेले, एक उरला.

दुपारी एक गृहस्थ आले. डबा चालू करून बघितला नाही, किंमत विचारली नाही, हॉलचं तर नावच नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "तो एक शिल्लक आहे ना, द्या."

मी प्लायवूडच्या फटीला डोळा लावला. बुवा जिंकले होते. काउंटर वाचलं होतं.

बुवांनी मागे पडद्याकडे पाहिलं. आत चार बाया दाटीवाटीने उभ्या होत्या, एकीचा पदर वायरीत अडकला होता, आणि वहिनी टॉर्चच्या उजेडात मसाला तोलत होत्या. बुवा वळले आणि शांतपणे म्हणाले, "नाय हो. तो गेलो विकून. सकाळीच."

"अहो, पण तो काय..."

"तो रिकामो खोको आसा."

गृहस्थ गेले. मी धावत गेलो. डबा काउंटरखाली होता, आंब्याच्या नक्षीचा रुमाल पांघरून. मी तोंड उघडणार तोच बुवांनी बोट दाखवलं. "गप ऱ्हव. जा, झेरॉक्स काढ."

संध्याकाळी त्यांनी स्वतः मॉनिटर उचलून मागे नेले आणि पुढच्या भिंतीला फळ्या ठोकल्या. हरलेला माणूस इतकं मोठ्याने भजन म्हणत नाही. वहिनींनी पहिली बरणी काचेवर ठेवली तेव्हा तर त्यांनी पखवाजवाल्यालाच बोलावलं.

आता बुवा गावी असतात. शिमग्याला गेले ते रमले. पाचवा डबा बरोबर नेला. तिकडे अख्खं भजनी मंडळ त्याच्यावर खेळतं म्हणे. मसाला तिथे कांडून घेतात आणि दर महिन्याला वहिनींना पोती पाठवतात. वहिनी धंदा सोडून जात नाहीत, बुवा गाव सोडून येत नाहीत. गणपतीत भेटतात आणि भांडण पुरवून पुरवून वापरतात.

परवा वहिनींच्या नव्या दरपत्रकाची झेरॉक्स द्यायला गेलो. दुकान उजेडात, लख्ख, बायकांची रांग रस्त्यापर्यंत. कुणाला वाकावं लागत नव्हतं. मागे बुवांची रिकामी खुर्ची, तिच्यावरही रुमाल. मला राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी सांगून टाकलं, "वहिनी, पैज बुवा मुद्दाम हरले. पाचव्याला गिऱ्हाईक आलं होतं. मी डोळ्यांनी बघितलंय."

वहिनींनी तराजूवरून नजर न काढता मसाल्याची पुडी बांधली.

"तो माझो मावसभाव. मीच धाडलेलो. त्याच्या घरात टीव्ही पण नाय."