जकातीचा गूळ

सन २००१. मी बासष्ट वर्षांचा होतो आणि लोणीच्या शिवारात माझी करडई वाळून उभी होती. सगळ्या रानात करडईच, दुसरं काही नाही. काढायला मात्र एक माणूस येईना. का येईना, ते सांगतो. गाव म्हणतं चूक माझी. मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही.

आमच्याकडं ज्वारीच्या रानात काटेरी करडईच्या चार-दोन ओळी टाकायची रीत. भाकरीला ज्वारी, बैलांना कडबा आणि वर्षाच्या फोडणीपुरतं तेल करडईचं. गावातल्या घाण्यावर दाणा द्यायचा, तेल आणायचं. मग दुकानात पामतेल आलं. सरकारनं बाहेरच्या तेलावरची जकात उतरवली होती, त्यामुळं जहाजं भरभरून तेल येत होतं, आणि ते आमच्या तेलापुढं लईच स्वस्त. करडईला कुणी विचारेना. लोकांनी ओळी टाकायच्या सोडल्या. मी सोडल्या नाहीत, म्हणून मला हसायचे. हसू दिलं.

आदल्या साली पेरणीच्या तोंडावर रेडिओनं सांगितलं, की ती जकात पुन्हा चढवली. मी चौथी शिकलेला, पण जकात मला समजत होती. पुण्यात माल नेताना नाक्यावर गाडी अडायची, पैसे भरल्याशिवाय सुटायची नाही. आता तसा नाका परदेशी तेलाला लागला. म्हणजे ते तेल महागणार, आपल्या करडईला भाव येणार. मी एसटी स्टँडवरच्या हॉटेलात बसलो होतो. तिथंच गुळाची ढेप मागवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर खडा ठेवत सुटलो. रानात खुरपायला निघालेल्या बायांनाही दिला. त्यांनी खाल्ला, पदराला हात पुसले आणि गेल्या.

घरी येऊन सांगितलं, यंदा सगळ्या रानात करडई.

घरची म्हणाली, "आन् भाकरी कशाची थापू? काट्याची?"

"ज्वारी इकत आनू. पैका येनार हाय."

"बैलं बी इकतचा कडबा खानार व्हय?"

मी ऐकलं नाही. पीकही असं आलं, की फुलात आलं तेव्हा पेठच्या पाव्हण्यांनी बांधावर उभं राहून बघितलं. वाळलं तेव्हा पिशवीत नमुना घेऊन मी मंचरला, करडई विकत घेणाऱ्या शेठकडं गेलो. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ बोलतात आमच्यासारखंच. त्यांनी दाणा तळव्यावर चोळला, दाताखाली फोडला, चांगला आहे म्हणाले आणि भाव सांगितला तो गेल्या सालापेक्षा जेमतेम वर.

"शेठ, जकात वाढली न्हवं?"

"वाढली की. पामतेलावर वाढली. नेपाळच्या तुपावर कुठं वाढली?" त्यांनी मागची वनस्पती तुपाच्या डब्यांची थप्पी दाखवली.

"नेपाळात कुठं आलीत पामची झाडं?"

"झाडं कशाला लागतात, भाऊ? बाहेरचं तेल त्यांनी आणायचं, कारखान्यात तूप करायचं, डबे आपल्याकडं धाडायचे. त्यांचा आपला करार हाय. त्यांच्या मालाला जकात नाय."

"म्हंजे सगळ्या बांधाला काट्या लावल्या आन् शेजाऱ्याच्या अंगाला खिंडार ठेवलं!"

"शेजाऱ्याला बी पोट हाय, राव," शेठ म्हणाले आणि दारातल्या राखणदाराकडं बोट केलं. तो गुरखा नेपाळचाच. त्याचा भाऊ मुंबईत हॉटेलात कपबश्या धुवायचा. तिकडं असा एक कारखाना निघाला तसा तो गावाकडं परतला, बायकापोरांत राहायला लागला. गुरखा हे हसत हसत सांगत होता. त्याच्यावर रागवायला मला जमेना. पण शेठला मी सांगितलं, "ह्या भावाला देत न्हाई. घाण्यावर गाळीन, तेल इकीन." आणि पिशवी उचलली.

गाळायची तर आधी काढायला पाहिजे. करडई पहाटे दवात काढतात. ऊन चढलं की काटा कडक होतो, हात फाडतो. त्याला सवयीच्या बाया लागतात. वळवाचा एक शिडकावा झाला असता तरी दाणा काळा पडला असता. म्हणून त्याच संध्याकाळी मी रानापल्याडच्या वस्तीवर गेलो. तिथल्या मजूर बायांची म्होरकी, तिला सगळे आक्का म्हणतात. ती दारात तांदूळ निवडत होती, बाकीच्या शेजारी बसलेल्या.

"आक्का, उद्या पहाटं बाया घेऊन ये."

"न्हाई जमायचं, दादा."

"का? मजुरी कमी पडती?"

"मजुरी हाय तेवढीच हाय. तेल तेवढं न्हाई ऱ्हायलं. पामतेल सस्त व्हतं तवा माज्या घरात बी कढई चढायची, पोरं भजी मागायची, मी करायची. आता बाटलीच्या बुडाला लागंल एवढं आनते. तुमी गूळ वाटला तवा काय ठावं, आमी कशाचं तोंड गोड करतोय."

"मंग पिकवनाऱ्यानं मरायचं का?"

"मरा कोन म्हनतंय? जिच्यापायी गूळ वाटला त्या जकातीलाच बोलवा की काढायला. बघू दे तिला बी काटा कसा असतोय."

बाया खदखदून हसल्या. मी म्हणालो, "करडईचं खा. आपल्या मातीतलं हाय."

"खाऊ की. मजुरीत तेलच द्या. पर पामतेल मिळायचं त्याच भावानं धरा."

हे मला लागलं. "फुकट माग, आक्का, डबा भरून देतो. त्या भावानं मागू नको. त्या भावाला माझं तेल जायचं न्हाई."

"फुकट मागायला आमी तुमच्या दारात आलोय का? तुमी आलाय आमच्या."

मी उठून आलो. घरची म्हणाली, "द्यायचा व्हता त्यो भाव. पीक तर हातात आलं असतं." मी जेवलो आणि अंथरुणावर पडलो. आक्का खोटं बोलली नव्हती. शेठ नाही, तो गुरखाही नाही. पण सगळे खरे म्हणून एकटा मीच खोटा कसा? वर्षभर घाम मी गाळलाय. जकात चढवणाऱ्यानं आणि उतरवणाऱ्यानं, दोघांनीही करडईचं बोंड कधी उघड्या हातानं धरलं नसेल. त्यांनी दिल्लीत बसून मन पालटलं की आम्ही इथं एकमेकांच्या दारात भांडायचं. भांडू. पण माझ्या मालाचा भाव मी त्यांच्या तोंडून ऐकणार नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत मी दोन्ही हातांना गोणपाट गुंडाळलं, विळा घेतला आणि वस्तीच्या अंगानं, आक्काच्या दारातून सरळ दिसेल अशी, काढणीची पहिली पात धरली.